मनगटावरचा ठिपका

मुगाच्या दाण्याएवढा ठिपका, त्याच्याभोवती पिवळसर डाग — एवढंच. मार्तंड बघत राहिला. शेजारच्या नंदकुमारने मनगट त्याच्या नाकासमोर धरलं होतं, नवं घड्याळ दाखवावं तसं.

"इथून घुसले रे, ते थेट हृदयापर्यंत. पहिली नळी बसेचना. शिरेच्या तोंडाशी टेकली की सटकायची. मग डॉक्टरने वेगळ्या वळणाची नळी मागवली, ती बसली झकास. स्टेंट आत, आणि दोन तासांत मी चालत बाथरूमला!"

चालत. हा शब्द मार्तंडला नको होता.

त्याच्या बायकोचं, हेमांगीचंही आधी मनगटच टोचलं होतं. मग डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर — हाताची शीर बारीक आहे, आखडली, कॅथेटरची नळी पुढे जात नाही, मांडीतून जावं लागेल. त्याने सही केली. ती गेल्यापासून आठ महिने तो त्या सहीवरच अडून बसला होता. ह्याला दुसरी नळी मिळते, मग तिलाच का नाही... नंद्या दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. हेमांगीने चहातली साखरसुद्धा सोडली होती. मुलुंडच्या ह्याच इमारतीतून, ह्याच मजल्यावरून दोघं हॉस्पिटलात गेली, आणि परत आला तो हा.

त्याची बायको सगुणा पेज घेऊन आली. नंदकुमारने वाटीसाठी उजवा हात पुढे केला.

"हात खाली! किती वेळा सांगू?"

"वाटीच आहे गं."

"वाटी असो नाहीतर चमचा. भावोजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. तिकडे पण हेच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी ह्यांना कूस बदलू दिली नाही. अशी ओरडले की नर्स धावत आली."

"बायको नाही रे, वॉचमन आहे."

मार्तंड हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं, आपण मघापासून नंदकुमारकडे बघतच नाही. सगुणाकडे बघतोय. तिच्या ओरडण्याचा हेवा वाटतोय.

मांडीतून नळी घातल्यावर सहा तास पाय सरळ ठेवायचा, नर्सने दोनदा बजावलं होतं. चौथ्या तासाला हेमांगी म्हणाली, "अहो, मला त्या भांड्यात नाही होत. अंथरुणात कसं करू? पलीकडे पुरुष माणसं... पडदा ओढा, नुसतं बसवा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेहतीस वर्षांत मी तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. हो, म्हटलं, आणि काखेत हात घालून बसवलं. तिचा गुडघा वाकला. बरं वाटलं, म्हणाली. मग थोड्या वेळाने — कंबर दुखतेय हो... मांडीच्या टोचल्या जागेतून रक्त आतल्या आत जात होतं, चादरीवर एक थेंब नव्हता. पाय हलवला होता का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी त्यांना नळीबद्दल विचारत राहिलो. अजून विचारतोय.

"काय रे, कुठे हरवलास?" नंदकुमार म्हणाला.

सांगावं का सगुणाला? ती ओरडेल. ओरडू दे.

"वहिनी..."

"भावोजी, थोडी पेज घेता ना?"

तो घरून जेवून आला होता. पोटात जागा नव्हती. नको, एवढंच म्हणायचं होतं.

"द्या," तो म्हणाला. आवाज तोच होता, पडद्यामागे हेमांगीला हो म्हणालेला, मऊ. तो त्याला आज पहिल्यांदा ऐकू आला.