आजची सासू

नवीन इन्चार्ज सिस्टर आल्या त्याच दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की ही बाईसुद्धा पंधरवड्यात आपले खरे रंग दाखवील. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या या वॉर्डात नर्स म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलंय. इन्चार्ज बदलते, ओरडण्याची तऱ्हा तेवढी बदलते. आधीच्या बाईंना आम्ही फौजदार म्हणायचो. पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, लादी पुसणाऱ्या मावशींसमोरसुद्धा त्या आम्हाला धारेवर धरायच्या. त्याचा परिणाम असा झाला, की डोळ्यांसमोर काही चुकत असलं तरी कुणी तोंड उघडेना. आपण पाहिलंच नाही म्हटलं की सुटका.

आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी तर बोलणंच विसरली होती. तिचं नाव आम्ही कुजबुज ठेवलं होतं. "दुखतंय का?" हेसुद्धा ती पेशंटच्या कानात विचारायची. नोकरी सोडायचं तिच्या मनात पक्कं होतं. "ताई, मला हे नाही जमणार," एवढं एकच वाक्य तिला स्पष्ट म्हणता यायचं.

नवीन बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक अजब खूळ काढलं. सकाळी कामं वाटून झाली की त्या विचारायच्या, "आज माझी सासू कोण?" एकीनं दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवायची आणि त्या चुकल्या की तिथल्या तिथे टोकायचं. पहिली सासू मीच झाले.

"सिस्टर, हातातलं घड्याळ. ड्रेसिंगच्या आधी काढायचं असतं," मी मुद्दाम खवचटपणे म्हटलं.

"बरं झालं सांगितलंत," म्हणून त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. याचा सूड आता उगवतील, मग उगवतील, म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. कसलं काय! हळूहळू सगळ्यांनाच या सासूपणाची चटक लागली. आम्ही एकमेकींनाही टोकायला लागलो आणि राग येईना. तरी मी मनात म्हणायचे, घड्याळापर्यंत ठीक आहे, खरी चूक होऊ दे, मग कळेल.

ती झाली, तेव्हा सासू होती कुजबुज.

खिडकीजवळच्या कॉटवर एक शिक्षिका होती. ऑपरेशनमध्ये तिचं बरंच रक्त गेलं होतं, म्हणून तिला रक्त लावायचं होतं. शेजारी एक आजी होत्या. आजींना घुसमटल्यासारखं होत होतं म्हणून दोघींच्या घरच्यांनी आपापसात ठरवून जागांची अदलाबदल केली. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि कॉटला अडकवलेल्या फायली जागच्या जागी राहिल्या.

इन्चार्जबाई रक्ताची पिशवी घेऊन खिडकीपाशी आल्या. फायलीतलं नाव, नंबर, रक्तगट त्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांबरोबर पिशवीशी ताडून पाहिलं. सगळं जुळलं. जुळणारच! पेशंटच्या मनगटावरची नाव-नंबराची पट्टी मात्र दोघांपैकी एकानंही पाहिली नाही. आजींच्या हाताला नळी जोडायला बाई वाकल्या.

"थांबा."

"काय गं मध्येच?" डॉक्टर खेकसले. पोरगी पांढरीफटक पडली. आता ही मागं सरकणार, असं मला वाटलं. पण बाईंचा हात जागीच थांबला होता.

"बोल," त्या म्हणाल्या. "आज तू सासू आहेस."

"या त्या नाहीत. पट्टी बघा."

बाईंनी पट्टी पाहिली. मी ट्रॉली सोडून धावले आणि मीही पाहिली. आजींचा रक्तगट वेगळा होता. ती पिशवी लागली असती तर आजी आमच्या डोळ्यांदेखत गेल्या असत्या.

"झालं नाही ना काही? मग गाजावाजा नको," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाईंनी ते ऐकलंच नाही. "आजी, मी आत्ता तुम्हाला दुसऱ्या पेशंटसाठी आणलेलं रक्त लावत होते. पट्टी न बघता. चूक माझी आहे, आणि मेट्रनबाईंनाही मी तसंच सांगणार आहे. या मुलीनं मला थांबवलं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. मी थक्क झाले. इतक्या वर्षांत इन्चार्जच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी ऐकले नव्हते, आणि इथं तर नोकरीवर बेतू शकत होतं.

पण ते शेजारच्या शिक्षिकेनंही ऐकलं होतं. "मला रक्त नको," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे." नवऱ्यानं विनवण्या केल्या, डॉक्टर रागावले, ती ऐकेना. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि नाडी धावत होती. डॉक्टरांनी बाईंकडे असं पाहिलं, की बघा तुमच्या खरेपणाची फळं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बाई तिच्याजवळ स्टुलावर बसल्या. "तुमच्या जागी मी असते तर मलाही नको वाटलं असतं. पण रक्त लागणारच आहे हो. काय केलं म्हणजे तुम्हाला धीर येईल?"

शिक्षिकेनं कुजबुजकडे बोट केलं. "ती लावणार असेल तर लावा."

बाईंनी पिशवी पोरीच्या हातात दिली. "तू वाच, मी ताडून बघते. मोठ्यानं."

पोरगी वाचायला लागली. आधी नाव. बापरे, तो आवाज! दारापर्यंतच्या कॉटवरच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. त्या पोरीत एवढा आवाज होता आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. इन्चार्जबाई चष्मा सावरून शिक्षिकेच्या मनगटावर वाकल्या होत्या आणि शाळेतल्या मुलीसारख्या "बरोबर" म्हणत होत्या. मला भरून आलं, आणि मी काही सहजासहजी भरून येणारी बाई नाही.

नंबरापाशी पोरगी थांबली.

"सिस्टर, पट्टी माझ्याकडे वळवा. मला स्वतःला बघायचीय."

बाईंनी शिक्षिकेचा हात हळूच उचलला आणि पट्टी तिच्याकडे वळवून धरली.