गाळलेलं वाक्य

बू मार्सिनी (बू म्हणजे बाई, मावशी) सकाळी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा गाळून बाटलीत भरत होती. शेजारच्या तुमिराहला द्यायचा होता. जावातल्या त्या गावात मार्सिनीच्या काढ्याचं मोठं नाव होतं. आपल्या छातीतली गाठ त्यानेच विरली, असं ती बायकांच्या दर बैठकीत सांगे. ते ऐकूनच तुमिराहने स्वतःच्या छातीतल्या गाठीची शस्त्रक्रिया टाळली होती.

मार्सिनी बाटली घेऊन गेली तेव्हा तुमिराह चटईवर पडून होती. गाठ फुटून झालेल्या जखमेचा वास झाकायला तिच्या मुलीने, वुलानने, उशाशी पांदानची सुवासिक पानं चिरून ठेवली होती.

"आज काढा कडू लागला नाही तर गुण आला समज," तुमिराह हसून म्हणाली.

वुलानने मार्सिनीला चुलीपाशी नेलं. "काल डॉक्टर म्हणाले, आता वेळ गेली." मग तिने विचारलं, "बू, तुमची गाठ डॉक्टरांनी पाहिली होती ना? काय म्हणाले होते?"

"पाण्याची आहे म्हणाले."

"आणि?"

"आपोआप जिरेल म्हणाले."

"हे आईला कधी सांगितलं नाहीत."

मार्सिनी खोटं कधीच बोलली नव्हती. तेवढं एक वाक्य गाळलं होतं, चोथा म्हणून.

"तिला काही बोलू नकोस गं," आतून तुमिराहचा आवाज आला. "रोज येतं का दुसरं कोणी?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मार्सिनी बाटली तशीच घेऊन परतली.

दुपारी बैठक भरली. सोयाबीनचं तळलेलं टेंपे फिरलं, गोड चहा आला. बैठक चालवणाऱ्या कासियेमने नेहमीप्रमाणे विचारलं, "काढ्याने कुणाकुणाला गुण आला? हात वर करा."

भराभर हात वर गेले. दारापाशी तरुण इंदाह ते मोजत होती. तिलाही गाठ होती, आणि उद्या तपासणी.

"बू, तुमचा हात?" कासियेमने टोमणा मारला. "दुखतोय का?"

"हात मोजू नकोस, इंदाह," मार्सिनी खाली बघत म्हणाली. "ज्यांना गुण येत नाही, त्या इथे येत नाहीत. त्यांतली एक माझ्या शेजारी पडली आहे. माझी गाठ आपोआप जिरणारी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. उद्या मी येते तुझ्याबरोबर."



"मला मात्र खरंच गुण आला," एक म्हातारी हात वर ठेवूनच म्हणाली.

"आला असेल, आजी. तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते, तेवढं आठवून सांगा."

म्हातारी आठवू लागली. तिचा हात हळूहळू खाली आला.