दूधघराचा विषय

मी सर बार्नबी. 'सर' ही पदवी बापजाद्यांनी मिळवली; माझ्या वाट्याला चादरी आल्या. इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशरच्या जहागिरीत आता सुट्टीसाठी आलिशान कॉटेजेस भाड्यानं मिळतात, आणि शनिवारी एक पाहुणे गेले की दुसरे यायच्या आत सगळ्या पलंगांवरच्या चादरी मीच बदलतो. शिकारी कुत्र्यांच्या जुन्या घरात लोक हौसेनं झोपतात. आमच्या कुत्र्यांनीसुद्धा तक्रार केली असती. मोठा वाडाही लग्नांना देऊन टाकल्यावर मी आणि माझी बायको हेस्टर तबेल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो.

उरलं होतं ते दूधघर, पूर्वी जहागिरीचं दूध-लोणी जिथे निघायचं ते छोटं घर. तिथे नॅनी प्रूएट राहते, वय चौऱ्याऐंशी. माझं नाक पुसण्यापासून बूट बांधायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनं केलं; आईवडील नाताळात भेटायचे. वडिलांनी तिला शब्द दिला होता, 'मरेपर्यंत इथेच राहा.' कागद मात्र केला नव्हता.

"सोमवारी गवंडी येतायत, दूधघराचं कॉटेज करायला," हेस्टर म्हणाली. "नॅनीला सांगितलंस?"

"विषय काढला होता."

"कुठला?"

"हवेचा."

"सहा वेळा गेलास! सांगायला जातोस की केक गिळायला? गावात तिच्यासाठी छान खोली बघून ठेवलीये. आज सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस."

आता आमच्या लोकांची एक रीत आहे. अवघड गोष्ट सरळ बोलायची नाही. वाक्य अर्धं सोडायचं, उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं. माझ्या वडिलांनी आईला मागणी घातली ती "मग... काय?" एवढ्यावरच. तिनं हो म्हटलं म्हणून मी आहे.

गेलो. नॅनीनं मला खालीवर न्याहाळलं. अंगात वडिलांचं स्वेटर होतं, दोन्ही कोपरांवर फाटलेलं. आमच्यात नवेकोरे कपडे घालणं हलकेपणाचं समजतात. चहा झाला, शहाजिऱ्याचा केक झाला, पावसावर बोलून झालं.

"नॅनी," मी घसा खाकरला, "आता सगळंच भाड्यानं... म्हणजे जागा अशी उरलीच नाही, आणि..."

"हं."

"हेस्टर म्हणते, हे दूधघर... तुला फार वाईट वाटणार नसेल, तर..."

नॅनीनं कप खाली ठेवला. डोळे भरून आले तिचे. कळलं हिला, सुटलो बुवा, असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

"किती दिवस मनात कुढत होतास, मेल्या?"

"दोन महिने."

"तरी म्हटलं, हा येतो, खातो आणि मुकाट जातो! अरे, घर परक्यांना दिलंस, स्वतः तबेल्यावर झोपतोस, अंगावर धड स्वेटर नाही. मला काय दिसत नाही? चल वर."

दर पायरीला दम खात तिनं मला माडीवर नेलं. मागच्या खोलीत पलंग घातलेला होता. उशाशी नवं विणलेलं स्वेटर घडी करून ठेवलं होतं.

"केव्हाची तयारी करून बसलेय. हेस्टरलाही घेऊन ये. पलंग लहान आहे, पण भाडंबिडं मी घेणार नाही हं. हे आपलंच घर समज, राजा. लाजू नकोस."

खरं सांगायला हवं होतं. मी "थँक यू, नॅनी" म्हणालो आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडलो. तिला वाटलं, पोराची लाज मोडली.

तबेल्यावर जाऊन हेस्टरला सगळं सांगितलं. आता ओरडेल म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"पलंग किती लहान आहे?" तिनं विचारलं.

सोमवारी गवंडी आले. मी त्यांना आमच्या दोन खोल्या दाखवल्या आणि म्हटलं, पाहुण्यांचं कॉटेज आता इथे करा, हॉट टबही इथेच बसवा.

"आणि ते दूधघर?" मुकादमानं विचारलं.

"ते नॅनीचं आहे," मी म्हणालो. "तिनं आम्हाला ठेवून घेतलंय."