बाजूचा चेहरा

आईने प्लास्टरच्या थाळीवर कोरलेल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, नाकाच्या शेंड्याशी थांबवला आणि मान हलवली.

"कुठे चुकलंय?" नाण्याचा साचा घडवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"तेच तर सांगता येईना."

मोटार शर्यतींतल्या जगज्जेत्यांवर टांकसाळ नाणी काढणार होती. एका नाण्यावर तिचा मुलगा आणि त्याचा जोडीदार होते. जोडीदार गाडी हाकायचा, मुलगा शेजारी बसून पुढची वळणं सांगायचा. जिंकल्यानंतरच्याच हंगामात गाडी दरीत गेली. जोडीदार तेवढा वाचला. आता नाण्यावर चेहरा बाजूने हवा होता आणि घरातले सगळे फोटो समोरून काढलेले. शेवटी मन घट्ट करून तिनेच जोडीदाराला बोलावून घेतलं होतं.

तो काठी टेकत आला. सगळे त्याला भिंगरी म्हणत. एके काळी तिच्या स्वयंपाकघरात हक्काने झाकणं उघडून बघणारा हा पोरगा आज दारातच घुटमळला.

"घरी का फिरकला नाहीस रे? दार उघडणार नाही असं वाटलं?"

"उघडाल, याचीच भीती होती."

तिने जरा सरकून त्याला जागा करून दिली.

"हे बघ. मी त्याला समोरूनच पाहिलं. जेवताना, भांडताना. बाजूने पाहिलंस ते तू. इतकी वर्षं शेजारी होतास. नाक असंच होतं ना?"

भिंगरीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो थाळीवर वाकला.

"मी रस्ता बघायचो, आई. मान वळवायची सोयच नव्हती. एकदाही वळवली नाही."

बाईंनी हातातली कोरणी हळूच खाली ठेवली. आईने अंगठ्याला लागलेली भुकटी पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मग तुझ्यापाशी त्याचं काय उरलंय?"

"आवाज."

ती स्टुलावर बसली.

"ऐकव."

त्याने घसा खाकरला. मग शब्द मुलाच्याच लकबीत, भराभर येऊ लागले.

"डावं, सोपं. पुढे चढ. पलीकडे रस्ता सरळ आहे, बिनधास्त सोड. आता उजवं, आवळून. घाई नको, राजा..."

तो अडखळला.

"थांबू नकोस," ती डोळे मिटून म्हणाली. "पुढे काय म्हणायचा?"