ईनसचं अंत्यप्रवचन

महिन्यातून एका शनिवारी आमच्या बाप्तिस्त चर्चच्या मंडळीत पाळकांसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, सभासदांचे तंटे ऐकले जात. गोरे खाली बाकांवर बसत, आम्ही गुलाम वर सज्जात. त्या शनिवारी केझायाला खाली, सगळ्यांच्या समोर उभं केलं होतं. सभेपुरतं तिला ‘भगिनी केझाया’ म्हणत.

तिचा नवरा ईनस हा माझा सख्खा भाऊ. त्या दोघांचे धनी थॉर्नहिल हे चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी; त्यांनी त्याला वसंतात दूर दक्षिणेतल्या अलाबामाच्या व्यापाऱ्याला विकलं. आता तिनं त्यांच्याच तबेल्यातल्या ज्यूबलशी संसार मांडावा, असा त्यांचा हुकूम होता. मुलं झाली की तीही त्यांच्याच मालकीची. केझाया नाही म्हणाली, म्हणून तिच्यावर आज्ञाभंगाचा आरोप होता. मंडळीनं काढून टाकलं, तर तिलाही दक्षिणेकडे विकीन, असं डीकननी सांगून ठेवलं होतं.

“दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा, असं बायबलात पौल सांगतो,” डीकन म्हणाले. “यात न समजण्यासारखं काय आहे?”

“समजतं, धनी. पण आमचं लग्न याच पाळकांनी लावलं. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, असं तेव्हा तेच म्हणाले होते.”

“मग तोडलं कुणी, डीकन?” मागच्या बाकावरून म्हाताऱ्या क्रॅबट्रीनं विचारलं. त्याच्याकडे गुलाम नव्हते, शेतही खंडाचं होतं, म्हणून त्याला कुणी मोजत नसे.

“तू गप्प बस, लेम्युएल.”

पाळक प्रुइट बायबलची पानं उलटत राहिले. लग्न टिकलं म्हणावं, तर डीकन दोषी ठरत होते, आणि या चर्चचं लाकूड डीकननीच दिलेलं. शेवटी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“नवरा मेला की बायको त्या बंधनातून सुटते, हेही पौलच सांगतो. इतका लांब गेलेला, परत न येणारा माणूस मेल्यासारखाच. मंडळीनं ईनसला मृत धरावं.”

मतं फक्त गोऱ्या पुरुषांची. एकेक हात वर जात होता. क्रॅबट्री हात खिशात घालून बसला होता. माझ्या भावाला मारणारे ते हात बघताना मी सज्जाचा कठडा घट्ट धरला.

“मंजूर,” पाळक म्हणाले. “भगिनी केझाया, तू मोकळी आहेस.”

“बरं,” ती म्हणाली. “मग त्याचं अंत्यप्रवचन कधी करता?”

आमच्यात माणूस लगेच पुरतात, पण प्रवचन सवड मिळेल तेव्हा, कधी कधी वर्षानं होतं. ते झाल्याशिवाय विधवेला कुणी मागणी घालत नाही. हे खालच्या सगळ्यांनाही ठाऊक होतं.

“प्रवचन?” पाळकांनी विचारलं.

“हो. ईनस गेला, असं सगळ्यांसमोर सांगायचं. कशानं गेला, तेही सांगायचं. प्रवचनात सांगतातच ना?”

“काय थट्टा लावलीय!” डीकन उसळले. “तिकडे कापूस वेचतोय तो. चांगला धडधाकट आहे!”

“बघा, बायबलातल्या लाजरासारखा मेलेला उठला की!” क्रॅबट्री म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

मी उभी राहिले. विचारल्याशिवाय वरून बोलणाऱ्याला फटके बसत. “पाळकसाहेब, मी त्याची बहीण. प्रवचन कधी?”

माझ्या शेजारी ज्यूबल इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तोही उठला. “ते झाल्याशिवाय मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही, धनी. आमच्यात चालत नाही.”

मग सज्जातली सगळीच माणसं एकेक करून उभी राहिली.

“प्रुइट,” डीकन दात आवळून म्हणाले, “आत्ताच दोन शब्द बोल आणि संपव.”

पाळक पुढे आले. “आपला बंधू ईनस...” केझाया त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “आपला बंधू...” मग त्यांनी बायबल मिटलं. “पुढच्या सभेत. तोवर प्रकरण तहकूब. आपण प्रार्थना करू.”

डीकन प्रार्थनेला थांबले नाहीत. त्यांच्या घोड्याच्या टापा दूर जाईपर्यंत कुणी डोळे मिटले नाहीत.

केझाया जिना चढून वर आली आणि माझ्याजवळ बसली.

“पुढच्या महिन्यात पाळकांनी प्रवचन केलं तर?” तिनं हळूच विचारलं.

मी तिचा हात धरला. खाली पाळक अजून डोळे मिटून उभे होते, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.