पाचव्या प्रकरणातली हाक

"म्हस नाय, तर हाक कुनाला मारू?" हैबतीआजोबांनी माझा फोन हातानं बाजूला सारला.

"आजोबा, मला फक्त रेकॉर्ड करायची आहे."

"उगाच वरडलो तर वाडी म्हनंल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर त्यांची वाडी. मी नाते गावची. महाडच्या कॉलेजात मराठी शिकवते. गुरांना घरी बोलवायला इथले लोक ज्या हाका घालतात, त्यांच्यावर माझा पीएच.डी.चा प्रबंध. प्रत्येक घराची हाक वेगळी आणि गुरं आपल्याच हाकेला वळतात, हे कळल्यापासून मला वेडच लागलं होतं. वेड लागणं सोपं, लिहून काढणं महाकठीण. मार्गदर्शक सरांनी महिनाअखेरची तारीख दिली होती. ती चुकली की नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची पायपीट पाण्यात. सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. त्यातली पाचव्या प्रकरणाची तारीख खोडून खोडून तिथला कागद फाटला होता.

ते प्रकरण याच घरावर अडलं होतं. इतर घरांत बाईची हाक वेगळी, पुरुषाची वेगळी. इथं नवरा-बायकोची एकच. पण गुडघे गेल्यावर आजोबांनी म्हशी विकल्या आणि तेव्हापासून हाक बंद.

"आजी, तुम्हाला कुणी शिकवली? सासूबाईंनी?" मी आजोबांच्या बायकोकडे, बनुबाईंकडे, मोर्चा वळवला.

त्या खळखळून हसल्या. "सासू कसली शिकवते गो! म्हशींनी शिकवली. मी वरडायची, त्या ढिम्म. मंग जरा येगळं वरडायची. ज्या दिशी वळल्या, त्या दिशी म्हटलं, जमली."

"मग तुम्हीच घालून दाखवा ना."

"आता वळायला हाय कोन? बरोबर आली का चुकली, कोन सांगंल?"

हाक बरोबर की चूक हे म्हशी ठरवतात, ही गोष्ट माझ्या एकाही पानावर नव्हती. तारीख तोंडावर आलेली असताना हे नवंच निघालं, खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मला भलताच आनंद झाला.

"विकलेल्यांपैकी एखादी जवळपास आहे?"

आजोबांनी तोंड फिरवलं. बनुबाईच म्हणाल्या, "चंद्री हाय. खालच्या गावात, चांगूकडं."

"तिचं नाव कशाला काढतेस?" आजोबा करवादले.

"आजोबा, हे प्रकरण झालं नाही तर माझं सगळं जाईल," मी सरळ सांगून टाकलं. डोळे भरून आले होते, ते लपवले नाहीत.

त्यांनी डोंगराखाली, चांगूच्या गावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गुडघं काय उतरू द्यायचे नायत. फोनवर चालंल?"

मी धावतच खाली उतरले. चांगूच्या गोठ्याबाहेर चंद्री खुंट्याला बांधलेली, निवांत रवंथ करत होती. माझ्या फोनवरून आजोबांना फोन लावला, स्पीकर मोठा केला. चांगूला त्याच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं. तो गालातल्या गालात हसत होता.

हाक आली. आधी खालच्या आवाजात, मग एकदम वर चढत गेली आणि वरच तुटली.

चंद्रीचं तोंड थांबलं. कान ताठ झाले. ती वळली, पण फोनकडे नाही. वाडीला जाणाऱ्या पायवाटेकडे. दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला.

"आयला!" चांगूचं हसू गेलं. "माज्याकडं आल्यापासून अशी कदी मान उचलली नाय हिनं."

"वळली का गो?" फोनमधून आजोबांनी विचारलं.

"वळली, आजोबा. वाडीकडे तोंड करून उभी आहे."

पलीकडे वाडीवरचा वारा घोंघावत होता.

"मंग लिव तुजं," ते म्हणाले. आणि मग, "बाय, आता परत नको लावूस फोन. ती वाट बघत ऱ्हाईल."

फोन बंद झाला. चांगूनं चंद्रीपुढं पेंढा टाकला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.