रंगावर कसलेला बोल्ट

मी पिकअपचा उजवा हेडलाइट बोलतोय. पिकअप आता माझी राहिली नाही. एका वायरमनच्या दुकानात, खिळ्याला टांगलेला असतो मी. काचेला तडा गेलाय, पण लागतो अजून. तेच तर माझं दुखणं आहे.

एकेकाळी फार तोरा होता मला. खोक्यातून भावासोबत, म्हणजे डाव्या दिव्यासोबत बाहेर आलो, तेव्हा गाडीचे मूळचे मिणमिणते दिवे बघून मला हसूच आलं होतं. मी नुसता उजेड नाही, दिवस पाडतो म्हणा ना!

आमचा मालक बर्फवाला. पहाटे लाद्या भरून मासळीबाजार गाठायचा. वाटेवर धुकं फार, म्हणून त्यानं आम्हाला आणलं. पण दिवे बसवायला आला तो दुपारच्या जादा खेपेला, मागे लाद्या तशाच भरलेल्या. ताडपत्रीखालून पाणी ठिबकत होतं.

"आटप लवकर! पोचेपर्यंत नुसतं पाणी उरेल माझ्याकडे," तो वायरमनला म्हणाला. दोघं जुने दोस्त.

आम्हा दोघांची अर्थची वायर एकाच बोल्टखाली होती. वीज परत जाते ती याच वाटेनं, म्हणून बोल्ट कसण्याआधी खालचा रंग घासून पत्रा उघडा करावा लागतो. वायरमननं कानस हातात घेतली, ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि कानस खाली ठेवली. बोल्ट रंगावरच कसला. आम्ही झळकन लागलो. सगळे खूश झाले, मीही झालो.

चार महिने निभावलं. मग एका पहाटे, दाट धुक्यात, नेमके वळणावर आम्ही दोघं एकदम विझलो. मालकानं डॅशबोर्डवर थापा मारल्या. "लाग रे! लाग ना!" मी जीव तोडून प्रयत्न केला हो. नाही लागलो. पुढे झाड होतं.

मालक जागीच गेला. लोक म्हणाले, डुलकी लागली असणार. त्याच्या बायकोनं ते खरं मानलं, कारण आदल्या रात्री दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तिनं त्याला झोपू दिलं नव्हतं.

मोडलेल्या गाडीतून मला सोडवलं ते वायरमननंच. बोल्टखाली रंग जसाच्या तसा होता. तो बराच वेळ त्याकडे बघत बसला. कोणाला काही बोलला नाही. मला मात्र इथं टांगलं. तेव्हापासून रोज दुकान बंद करताना तो माझ्या वायरी बॅटरीला लावतो. मी लागतो. आणि दर वेळी मला त्या थापा ऐकू येतात.

आठ महिन्यांनी बर्फवाल्याची बायको दुकानात आली. पिकअप दुरुस्त झाली होती, आता ती स्वतःच चालवणार होती. वायरमन नवे दिवे बसवू लागला. बोल्टची जागा घासत राहिला. रंग केव्हाच निघाला होता, तरी त्याचा हात थांबेना.

"एवढं कशाला घासताय, भाऊजी?"

"रंगावर अर्थ धरत नाही, वहिनी. दिवे मध्येच जातात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिनं घासलेल्या पत्र्यावर बोट फिरवलं. "ह्यांच्या वेळी घासलं होतं?"

बर्फ वितळत होता, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

"नाही घासलं."

ती स्टुलावर बसली. "म्हणजे झोप नव्हती? मी जागवलं म्हणून नाही?"

"नाही वहिनी. माझ्यामुळे." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा त्यातलाच दिवा."

मला वाटलं, ती आता ओरडेल, मला भिंतीवरून ओढून फोडेल. फोडलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या वायरी हातात घेतल्या आणि बॅटरीला टेकवल्या.

मी लागलो. पूर्ण ताकदीनं, भरदिवसा, तिच्या तोंडावर.

"लागतोय की रे," ती म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा रडली.

माझं एक ऐका. घाई असली तरी बोल्टखालचा रंग घासा. आणि मला आता पुन्हा लावू नका.